जा, पाला आण

पहिल्यांदा मी आणलेला पाला आज्जीनं डोळ्यांनी पाहिलाच नाही. बोटांत धरून चुरगळला, नाकाशी नेला आणि खांद्यावरून मागं भिरकावून दिला. "ही न्हवं," एवढंच म्हणाली.

चाकूर तालुक्यातलं आमचं रान. मुगाची खुरपणी चालली होती. चुलतीच्या अंगठ्यात खुरपं शिरलं होतं आणि काळ्या मातीवर रक्ताचे थेंब पडत होते. त्या सगळ्या बायकांत रिकामा असा मीच. सात वर्षांचा. बाभळीच्या वाळल्या शेंगा पायाला बांधून बांधावर पैंजण वाजवत बसलो होतो. आज्जी ओरडली, "का बघूलालास? जा, बांदावरचा पाला आण." कुठला पाला, ते सांगितलं नाही. विचारायची सोय नव्हती. चुलतीचा अंगठा तिनं मुठीत दाबून धरला होता. मी पळालो आणि हाताला लागेल ते ओरबाडून आणलं. ते मागं गेलं. दुसऱ्या खेपेला आणलेलं पान दिसायला बरंच जवळचं असावं, कारण ते तिनं क्षणभर हातात ठेवलं. मग तेही खांद्यावरून मागं. "खरखरीत असतंय," ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला मी प्रत्येक पानावरून अंगठा फिरवत गेलो. एक रोपटं जमिनीला धरून पसरलेलं होतं. पानांना दाते, अंगावर बारीक लव, आणि मधूनच वीतभर उंच, सडसडीत, एकट्या दांडीवर चिमुकलं पिवळं फूल, कडेला पांढुरक्या पाकळ्या. ते आणलं. आज्जीनं दोन्ही तळहातांत चोळलं, हिरवा रस थेंबथेंब अंगठ्यावर पिळला, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि पुन्हा आपल्या पातीला जाऊन बसली. मला कुणी शाबासकी दिली नाही. त्या रोपट्याला कंबरमोडी म्हणतात हे मला बऱ्याच दिवसांनी, कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी ते मागवलं तेव्हा कळलं.

वनस्पतींचं ज्ञान खेड्यात मौखिक परंपरेनं पिढ्यानपिढ्या चालत आलं, असं वाक्य मी अनेक लेखांत वाचलं आहे. वाचलं की मला तो अंगठा आठवतो. मौखिक म्हणजे तोंडानं आलेलं. आमच्या घरात तोंडानं फार थोडं आलं. जे आलं ते पायांनी आलं. आम्हाला कुणी शिकवलं नाही, आम्हाला धाडलं. "जा, शेळीला सुबाभूळ तोडून आण." "जा, गुरवाच्या घरी बेल झालाय का बघ." "जा, दारी अडुळसा हाय त्येची चार पानं दे त्या बाईला." धाडलेलं लेकरू चुकत, हुंगत, हात खाजवत, बोलणी खात परत येतं, आणि त्या जाण्यायेण्यात त्याच्या बोटांना झाडं ओळखू यायला लागतात. डोळ्यांना नंतर. नावं तर सगळ्यात शेवटी.

या शाळेचा मुख्य वर्ग भरायचा खुरपणीत. बायका ओळीनं बसत, प्रत्येकीची एक पात. खुरप्यानं तण काढत पुढं सरकायचं. पण सगळं तण बांधावर फेकलं जात नसे. काही हातातच राही आणि हळूच ओटीत जाई. कुंजीर, तांदुळजा, चिघळ, पाथरी, कोवळा तरोटा, कुर्डूचे शेंडे. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकीची ओटी फुगलेली असे आणि त्यातच रात्रीचं कालवण असे. शेतमालकाला पीक, मजूर बाईला रोज आणि रोजावर ही भाजी. तिला मोल नव्हतं म्हणून तिचा हिशेबही कुणी ठेवला नाही.

त्या पातीत पोरी आयांच्या मागं बसत. त्यांना काय शिकायला मिळे? तणाच्या एकाच गठ्ठ्यात ठेवायचं कुठलं आणि टाकायचं कुठलं. चूक झाली तर शेजारीण तिच्या ओटीतून एक काडी ओढून फेकून देई. पण खरा धडा ओळखीचा नव्हता, वेळेचा होता. तरोटा रोहिणी-मृगाच्या पावसानंतर दोन पानांवर आला की गोड. फुलोऱ्यावर आला की त्याच्याकडे बघायचंही नाही. वाघाट्याची भाजी वर्षातून एकदा, आषाढीचा उपास सोडताना द्वादशीला. करटुल्यांचा वेल दरवर्षी त्याच कंदातून फुटतो, म्हणून फळं तोडायची, वेल उपटायचा नाही. आणि काही वेलांना फळ धरतच नाही. मी एकदा तसला एक बिनकामाचा वेल ओढायला गेलो, तर आज्जीनं हात धरला. "त्यो हाय म्हणून ही हाय," ती म्हणाली. करटुल्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात हे मला कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तासाला कळलं. वर्गात मी एकटाच हसलो आणि त्याबद्दल उभा राहिलो.

काही ज्ञान मात्र रोज लागत नाही. ते वीस-तीस वर्षांतून एकदा लागतं आणि तेव्हा त्याच्याशिवाय भागत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यानं खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. आणि त्याही पुरल्या नाहीत तेव्हा बरबड्याचं बी दळून भाकरी केल्या. बरबडा खाता येतो हे कुणाला तरी आठवत होतं म्हणून ते झालं. ते ज्यांना आठवलं त्यांनी तो आधीच्या कुठल्यातरी दुष्काळात खाल्ला असणार, नाहीतर आईनं खाल्लेला ऐकला असणार. चांगल्या वर्षांत बरबडा हे नाव निघालं की आज्जी तोंड वाकडं करी. पण पावसानं ओढ दिली की ती रानात फिरताना खाली बघत चाले, हे मी पाहिलं आहे. गरिबीची लाज आणि गरिबीतलं शहाणपण एकाच वनस्पतीत असतात. लाज गेली पाहिजे, हे खरं. पण ती जाताना शहाणपणालाही हाताला धरून घेऊन जाते.

आमच्याकडची गावंच बघा. लातूरजवळ बाभळगाव, औसा तालुक्यात बेलकुंड, नांदेडजवळ लिंबगाव, गोदावरीच्या वरच्या अंगाला उमरी. पिंपळगाव, बोरगाव, चिंचोली, पळसगाव तर किती आहेत याची मोजदाद नाही. ज्या कुणी पहिल्यांदा त्या जागी राहुटी टाकली त्यानं वाटसरूला सांगितलं असेल, त्या चिंचांपाशी. पत्ता झाडाचा होता. माणसं नंतर आली. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वेळी लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला आणि बोरसुरीच्या तूरडाळीलाही. बातमी वाचून मला वाटलं, सरकारनं कागदावर जे आज मान्य केलं ते गावाच्या नावानं कधीच सांगून ठेवलं होतं. त्या चिंचांचा आंबटपणा वेगळा आहे, हे पहिल्यांदा कळलं ते मात्र कुणातरी पोराला, झाडावर चढल्यावर.

खुरपणीचा वर्ग रोजचा, तर सण म्हणजे परीक्षा. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. मराठवाड्यात गौरींना हेच नाव. त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. घरच्या परसात पाच-सहा, शेजारणीकडून दोन-तीन, उरलेल्यांसाठी पोरांना रानात पिटाळायचं. सोळाचा आकडा भरल्याशिवाय आई चूल पेटवत नसे. त्याआधी गणपतीची पत्री असते, हरतालिकेची असते. आघाडा, दुर्वा, बेल, धोतरा, रुई. धोतरा देवाला चालतो, तोंडात चालत नाही, हे आम्हाला आरतीच्या ताटापाशीच कळलं. विषाची ओळख करून द्यायला याहून सुरक्षित जागा कुठली असणार? आता लातूरच्या भाजीबाजारात सोळा भाज्यांचा तयार वाटा मिळतो. एका पिशवीत सगळं चिरभर, मूठभर. आकडा भरतो. पिशवी आणणाऱ्याला त्यातल्या सहा ओळखता आल्या तरी पुष्कळ.

आणि मग येळवस. वेळा अमावास्या म्हणजे मार्गशीर्षाची अमावास्या. लातूर-धाराशिवकडचा हा सण, शब्द कानडी वळणाचा आणि चवही सीमेवरची. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, कारण सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. बिंदग्यात आंबील, बाजरीचे उंडे, खीर, आणि सगळ्यांवर मान असलेली भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याचा पाला, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, भुईमूग, मेथी, पातीचा कांदा, चुका, शिवारात त्या घडीला हिरवं असेल ते सगळं, वर चिंचेचं पाणी आणि बेसनाचं दाटपण. एका पातेल्यात अख्खं शिवार शिजतं. ज्या वर्षी भज्जी पातळ, त्या वर्षी रान नागडं. हे कुठल्या अहवालात लिहावं लागत नाही, पहिल्या घासालाच कळतं.

आमच्या तालुक्यातच वडवळ नागनाथचं बेट आहे. पाहुणे नाव ऐकून पाणी शोधतात. पाणी नाही, माळरानात एकटीच उठलेली टेकडी, तिला आम्ही बेट म्हणतो. बांबूच्या दाट झुबक्यालाही आपण बेटच म्हणतो, तसं हे झाडपाल्याचं. लोक तिला संजीवनी बेट म्हणतात आणि हनुमानानं द्रोणागिरी नेताना त्याचा तुकडा इथं पडला, अशी कथा सांगतात. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य उत्तरा नक्षत्रात गेला की या टेकडीवर गर्दी होते. लांबलांबहून माणसं येतात, चढतात आणि वाटेतला पाला तोडून खातात. या दिवसांत इथल्या वनस्पतींना गुण असतो, ही श्रद्धा.

लहानपणी मी आज्जीबरोबर दोनदा वर गेलो. ती चढताना थांबत थांबत पाच-सात पानं माझ्या तळहातावर ठेवी, "चाव" म्हणे. एक कडू, एक तुरट, एकानं जीभ जड झाली. काही माणसं सरसकट ओरबाडत पुढं जात, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "शेरडं आलीत." तिची श्रद्धा पक्की होती, पण तिला गुण पाल्यात दिसे तितकाच निवडण्यात दिसे. उत्तरा नक्षत्राबद्दल मी पुढं पुष्कळ विचार केला. पावसाळा सरत आलेला असतो, झाडं भरात असतात, मुळांपासून शेंड्यापर्यंत रस असतो, फूल-बी लागल्यानं ओळख पटवणं सोपं जातं. खुरपणी संपलेली, काढणी अजून पुढं. माणसाला टेकडी चढायला सवड असते. कथेनं दिवस ठरवला की दिवसानं कथा, कुणास ठाऊक. एवढं खरं, की वर्षातून एका पंधरवड्यात म्हातारी माणसं आणि लेकरं एकाच उतारावर झाडांपुढं उभी राहतात. असा दिवस नेमून ठेवणाऱ्यानं पुष्कळ विचार केला होता.

पुढं बँकेच्या नोकरीत किनवटला बदली झाली. नांदेड जिल्ह्यात असूनही किनवट वेगळा मुलूख. १९५६ पर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. काळ्या सपाट रानातून आलेल्या मला सागाचं जंगल, पैनगंगेची वळणं, गोंड, आंध, कोलाम ही माणसं, त्यांच्या चार-चार भाषा, सगळंच नवं. चैत्रात पहाटे मोहाच्या झाडांखाली लेकरं टोपल्या घेऊन वाकलेली असत, उजाडायच्या आत, कारण ऊन चढलं की फुलं गुरं खातात. एका कोलामपोडात कर्जाच्या कागदांसाठी जायचो तिथं एक म्हातारा बांबूच्या टोपल्या विणी. शेजारी त्याचा नातू वाया गेलेल्या कामट्यांशी खेळत काहीतरी वाकडंतिकडं गुंफत असे. मी विचारलं, "याला कधी शिकवणार?" म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं नातवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसलाय की," म्हणाला.

तिथं आणखी एक गोष्ट कळली. नवं फळ, नवी भाजी, नवा मोह देवाला दाखवून, पूजा होऊन मगच खायचा. तोवर झाडाला हात लावायचा नाही. लेकरं झाडाखाली घुटमळत, वर बघत, पण थांबत. याला बंदी म्हणा, मला त्यात वेळेचाच धडा दिसला, आज्जीच्या तरोट्याचा. पिकायच्या आधी तोडू नये, हे वीस वेळा सांगण्यापेक्षा एका देवानं सांगितलेलं बरं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मी जुन्याची आरती ओवाळतो आहे. तसं नाही. आमच्या गावात काविळीचं औषध देणारा एक म्हातारा होता. शनिवारी संध्याकाळी झाडाला अक्षता वाहून आमंत्रण द्यायचं, रविवारी उजाडण्यापूर्वी आपली सावली पडू न देता मुळी काढायची. कुठलं झाड, हे तो कुणाला सांगत नसे. सांगितलं की गुण जातो. त्यानं पैसे कधी घेतले नाहीत, त्याच्या नियतीबद्दल कुणाला शंका नव्हती. पण त्याच्या मुलालाही त्यानं सांगितलं नाही, "अजून वेळ न्हाई" म्हणत राहिला आणि एका पावसाळ्यात गेला. मुलगा आता जीप चालवतो. ते मूळ खरोखर उपयोगी होतं की कावीळ आपोआप उतरायची, हे तपासायची वाटही त्याच्याबरोबर गेली. गुप्ततेनं झाड वाचलं असेल, विद्या मेली. माझी आज्जी सगळ्यांना धाडायची, म्हणून तिचं सगळ्यांत विखुरलेलं राहिलं.

आणि याच गावात साप चावलेल्या एका तरुण पोराला तासन् तास मुळ्या उगाळून लावत बसले आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. त्याच्या आईला मी रोज पाहत मोठा झालो. सर्पदंशावर इलाज प्रतिविषाचा, तोही लवकर. तिथं पाला चालत नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्यातलेच. कोकणात महाडकडे विंचूदंशानं माणसं मरताना त्यांनी पाहिली, खाटेशेजारी बसून रुग्णांचं निरीक्षण केलं, प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध इथं जीव वाचवतं हे दाखवून दिलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून जगासमोर ठेवलं. मला त्यांच्यात आणि आज्जीत विरोध दिसत नाही. दोघांनी आधी पाहिलं. फरक असा, की त्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं, म्हणजे कुणालाही ते खोडून काढायची मुभा दिली. "ही न्हवं" म्हणण्याची मुभा.

लिहिण्याचं महत्त्व आमच्या भागाला हळदीनं शिकवलं. नांदेडच्या अर्धापूरपासून हिंगोलीच्या वसमतपर्यंत हळदीचा पट्टा आहे. जखमेवर हळद दाबली नाही असं एक घर सापडणार नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे हळदीनं जखम भरून येण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं ते आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण त्यासाठी जुने ग्रंथ आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंध पुढं करावा लागला. कोट्यवधी भाजलेली, कापलेली बोटं पुरावा म्हणून चालली नाहीत. पुढं पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश सुरू झाला. २००२ मध्ये जैवविविधता कायदा झाला, त्यातून गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. माधव गाडगीळांसारख्या माणसानं ही कल्पना मनापासून लावून धरली होती: लोकांनीच आपल्या भोवतालाची नोंद करायची.

एका गावची अशी नोंदवही मी पाहिली आहे. कपाटात, नीट कव्हर घातलेली. रकाने नेटके होते: स्थानिक नाव, आढळ, उपयुक्त भाग, उपयोग. अडुळसा, पाने, खोकला. निरगुडी, पाने, सूज. सगळं बरोबर होतं. तरी मला ती वाचताना आमच्या शाळेतला नकाशा आठवला, ज्यावर गाव होतं आणि वाट नव्हती. कधी तोडायचं, किती ठेवायचं, कशाशी गफलत होते, आणि कुणी कुणाला धाडलं, याला रकाना नव्हता. नोंदवही हवीच, हळदीच्या वेळी तीच लागते. पण ती कपाटात असताना बांधावर कुणी जात नसेल, तर ती मृत्यूची नोंद ठरते, जन्माची नाही.

निवृत्त झाल्यावर मी वि. ना. नाईकांचे 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'चे दोन खंड चाळत बसलो. १९९८ साली निघालेलं हे काम. आपल्या बांधावरचं गवतसुद्धा कुणी इतक्या आदरानं मोजलं आहे, हे पाहून भरून येतं. कंबरमोडी शोधली. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. आणि मग तिची चौकशी करत गेलो तेव्हा कळलं, की ती इथली नाहीच. मध्य अमेरिकेतली. आपल्याकडे आली ती परकी म्हणून, तण म्हणून. म्हणजे पणजीच्या पणजीला ती ठाऊक नसेलही. मधल्या कुठल्यातरी पिढीत कुणा बाईच्या हाताला लागलं, शेजारी हे नवं खरखरीत रोपटं होतं, तिनं चोळून लावून पाहिलं. रक्त थांबलं. तिनं दुसऱ्या खेपेला लेकराला धाडलं. आमची 'प्राचीन परंपरा' एवढी तरुण आहे. सीताफळाचंही तेच, तेही समुद्रापलीकडून आलं आणि बालाघाटाच्या डोंगरात असं रुजलं की सीतामाईचं झालं. आधी मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, मग फार बरं वाटलं. आज्जीकडे पूर्वजांनी पुरून ठेवलेला हंडा नव्हता. तिच्याकडे सवय होती, नव्या पाहुण्याला हात लावून बघण्याची. हंडा चोरीला जातो. सवय मोडते, पण पुन्हा लागूही शकते.

ती मोडली कशी, हे मात्र आमच्याच शिवारात उभं राहून पाहिलं. मूग, उडीद, ज्वारी गेली, सोयाबीन आलं. लातूरच्या आडतीत त्याचा भाव निघतो आणि गावोगाव त्यावर संसार ठरतात. त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही, माझ्या भावाची मुलं त्याच पैशावर शिकली. सोयाबीनबरोबर तणनाशक आलं. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस सकाळपासून दुपारपर्यंत जे करतो त्याला आधी वीस बायकांची पात चार दिवस बसे. तण जळालं, त्यात चिघळ जळाली, कुंजीर जळालं, पाथरी जळाली. ओटी रिकामी झाली. पोरी आयांच्या मागं बसायच्या राहिल्या, कारण आयाच बसायच्या राहिल्या.

मी हे एकदा आईपुढं हळहळत बोललो. आई तेव्हा सत्तरीला आलेली, पाठ कमानीसारखी वाकलेली. ती म्हणाली, "तू बसला न्हाईस पातीला." एवढंच. मग थोड्या वेळानं, "त्या पाल्याला कंबरमोडी का म्हन्तेत, ठाव हाय का?" मला ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं. पण तिनं कंबरेवर हात ठेवून मला उत्तर दाखवलं. ज्या शाळेचं मी कौतुक करत होतो तिची फी कुणी भरली होती, ते मी कधी विचारलंच नव्हतं. खुरपणी परत यावी असं आता मला म्हणवत नाही. धाडणं तेवढं परत यावं. त्याला पाठ मोडावी लागत नाही. कुणीतरी कुणाला तरी बांधापर्यंत पाठवावं लागतं आणि चुकीचा पाला फेकून द्यायला घरी कुणीतरी असावं लागतं.

गेल्या येळवशीला पुतण्या पुण्याहून सहकुटुंब आला. त्याची मुलगी नऊ वर्षांची. कोपीपाशी उंडे-भज्जी झाली, आंबील शिंपून झालं, बायका हरभऱ्यात बसल्या, आणि ऊस सोलताना माझ्याच बोटाला विळी लागली. जरासं खरचटलं, पण रक्त आलं. पुतण्या गाडीतली प्रथमोपचाराची पेटी आणायला वळला. मी मुलीला म्हणालो, "जा, बांधावरचा पाला आण." कुठला, ते सांगितलं नाही. ती पळाली.

पहिल्यांदा तिनं आणला तो दुधाणीचा पाला होता. मी चुरगळला, हुंगला, टाकला. ती रागावली नाही, हे पाहून मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा ती बराच वेळ आली नाही. तेव्हा आठवलं, आमचा बांध तर आश्विनातच फवारलेला. तिथं काही असणारच नव्हतं. बोट एव्हाना सुकलं होतं. तिला हाक मारायला उठलो तर ती दिसली. आमचा बांध ओलांडून, विहिरीच्या पाटाकडेनं, शेजाऱ्याच्या रानात पोचली होती. तिथं त्यांच्या येळवशीला आलेली एक म्हातारी बसली होती. कोण, ते मला लांबून ओळखता येईना. मुलगी तिच्यापुढं वाकून काहीतरी दाखवत होती. शब्द ऐकू येत नव्हते. म्हातारीनं ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि न बघता खांद्यावरून मागं भिरकावून दिलं.

मुलगी पुन्हा पाटाकडे धावली. मी बोट धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि वाट बघत बसलो.